रूळ काढलेली लाईन

आयुष्यभर मी रेल्वेचे रूळ तपासले आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना, रूळ उखडून टाकलेल्या एका लाईनवरून सायकल चालवायला फ्रान्सला गेलो. आमच्या ऑफिसातले जुने लोक हे वाचून हसतील. हसू देत. त्यांच्यापैकी निम्मे लोक निवृत्तीनंतर कॉलनीच्या पार्कात बाकावर बसून पुढच्या वेतन आयोगाची वाट बघतात, त्यापेक्षा हे बरं.

मी मूळचा मिरजेचा, बायको साताऱ्याची. लग्नानंतर दोन महिन्यांत लखनऊला आलो ते मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत एकतीस वर्षं राहिलो. माझं काम संशोधनाचं होतं: रूळ, खडी, चढ, वळण. बायको आलमबागच्या एका शाळेत गणित शिकवते. मुलगी एकच, इथेच जन्मली, इथेच वाढली. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. आता ती नोकरीसाठी फ्रान्समध्ये असते. दिवाळीच्या सुट्टीत या म्हणाली, आणि मग म्हणाली, "पापा, पूरे हफ़्ते की छुट्टी मुझे नहीं मिलेगी. आप दोनों पाँच दिन साइकिल से घूम आओ ना. उधर गाड़ियाँ होती ही नहीं."

मी 'छे!' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "चालेल."

अहो, चालेल काय? कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. बायकोचं निराळं. ती साताऱ्यात शाळेला सायकलनं जायची, पोवई नाक्याचा चढ न उतरता चढायची, असं ती सांगते आणि तिचे भाऊही सांगायचे, म्हणजे खरं असणार.

मुलीनं तीन वाटा सुचवल्या. एक कालव्याच्या काठाकाठानं, एक द्राक्षांच्या मळ्यांमधून, आणि एक जुन्या रेल्वे लाईनवरून. गाड्या बंद पडल्यावर तिकडे रूळ काढून घेतात, खडीवर डांबर टाकतात आणि ती पट्टी सायकलवाल्यांना देऊन टाकतात. तिसरी वाट वाचली आणि मी बाकीच्या दोन बघितल्यासुद्धा नाहीत. रेल्वेला खडा चढ झेपत नाही. लाईन टाकणारा इंजिनिअर डोंगराला वळसा घालेल, कापेल, बोगदा काढेल, पण चढ मर्यादेत ठेवेल. शंभर मीटर पुढे गेलात तर फार तर एक मीटर वर. इंजिनाला जे झेपतं ते साठीच्या माणसाच्या गुडघ्यांनाही झेपेल, असा माझा साधा हिशोब. मी इंटरनेटवरून त्या लाईनचा जुना उभा छेद, म्हणजे कुठे किती चढ-उतार ते दाखवणारा आराखडा, शोधून काढला, मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावला आणि बायकोला समजावून सांगितला. ती पोळ्या लाटत होती. "अच्छा," म्हणाली.

तिच्या 'अच्छा'चे प्रकार एव्हाना मला ओळखता यायला हवे होते. त्याच महिन्यात आणखी एक 'अच्छा' झाला होता. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार. मी साताऱ्यात एक रो हाऊस ठरवलं, दोघांच्या नावावर. साताऱ्यात, मिरजेत नाही. तिच्या माहेरच्या गावात! कागद तिच्यापुढे ठेवताना मी स्वतःवरच इतका खूश होतो की विचारू नका. दिवाळीनंतर करारावर सह्या करायच्या होत्या, बिल्डरला तसा शब्द दिला होता. तिनं कागद वाचले, घडी घातली, माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "अच्छा." मी समजलो, आनंदानं बोलता येत नाहीये.

सराव सुरू केला. शेजारच्यांच्या दोन सायकली मागून आणल्या, सकाळी कॉलनीत फेऱ्या मारल्या. लखनऊ म्हणजे परातीसारखं सपाट, चढ आणायचा कुठून? मग ओव्हरब्रिज. पहिल्या दिवशी निम्म्या पुलावर माझ्या छातीचा भाता झाला, तेव्हा मागून आलेला ई-रिक्षावाला म्हणाला, "अंकल, धक्का दें क्या?" बायको पुलाच्या टोकाला पोचून उभी होती. इतकी हसली की तिला सायकल कठड्याला टेकवावी लागली. दोन रविवार आम्ही पहाटे निघून शहर ओलांडून बख्शी का तालाबच्या पलीकडे शेतांमधल्या रस्त्यांवरही गेलो. भाताची कापणी चालली होती. तिथे एका टपरीवर चहा पिताना मी म्हणालो, "साताऱ्याला गेलो की रोज असं फिरू." ती म्हणाली, "भैया, एक बिस्किट का पैकेट देना."

फ्रान्समध्ये आम्ही पोचलो तेव्हा नोव्हेंबर लागला होता. मुलीनं भाड्याच्या सायकली मिळवून दिल्या, पिशव्या लावून दिल्या, आणि एका छोट्या गावाच्या स्टेशनावर सोडून ती कामावर परत गेली.

पहिल्या दिवशी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, आणि काय चुकतंय ते दुपारपर्यंत कळेना. आवाज नव्हता! हॉर्न नाही, भोंगा नाही, कुणी कुणाला हाका मारत नाही. दोन्ही बाजूंना पिवळे पडलेले द्राक्षांचे वेल, मध्ये आमची सरळ काळी पट्टी, आणि आमच्याच चाकांची सळसळ. गावं यायची. दगडी घरं, खिडक्यांची लाकडी दारं बंद, रस्त्यावर एक मांजर. पावाच्या दुकानाशी तेवढी चार माणसं दिसायची आणि ती चारही जणं 'बोंजूर' म्हणायची. बायको दुसऱ्या दिवसापासून असं झकास 'बोंजूर' म्हणायला लागली की दुकानातल्या बाई तिच्याशी भडाभडा फ्रेंच बोलायला लागल्या. माझी मात्र लखनऊची सवय जाईना. पुढे एक म्हातारं जोडपं चालत होतं, मी मागून घंटी वाजवली. एकदा वाजवून थांबतो का मी? आलमबागेत वाजवतात तशी वाजवत सुटलो. ते दोघं दचकून गवतात उतरले. बायकोनं थांबून माझ्या वतीनं हात जोडून माफी मागितली आणि मग मला फैलावर घेतलं.

मी खूश होतो. माझ्या लेखी ती लाईन जिवंतच होती. जुन्या स्टेशनांच्या इमारती तशाच उभ्या, भिंतीवर गावाचं नाव अजून रंगवलेलं, आणि प्लॅटफॉर्मवर कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले, कारण आता तिथे संसार आहे. मी सारखा बायकोला दाखवत होतो. ही बघ मोरी, लाईनीखालून ओढ्याचं पाणी जायला. इथे दुसरी लाईन असणार, बघ किती रुंद आहे. हे वळण काय देखणं काढलंय. ती "हं" म्हणायची आणि पुढे जायची. ती सतत पुढे असायची, मी मागे. चढ माझ्या कागदाबरहुकूम होता, इतका हळू की पायांना पत्ता लागत नव्हता.

त्या शांततेत एक अडचण होती, ती तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आली. आमच्या लखनऊच्या घरी कुकर असतो, टीव्ही असतो, दारात सब्जीवाला ओरडत असतो, शिवाय गाड्यांची खडखड. नको असलेलं बोलणं ऐकू आलं नाही म्हणायची सोय असते. इकडे ती सोय नव्हती. मी म्हणालो, "साताऱ्याच्या घराला मागे जागा आहे, तिथे तुझी झाडं लाव." स्वच्छ, खणखणीत ऐकू जाईल असं म्हणालो. तिची पाठ माझ्यापुढे आठ-दहा फुटांवर होती. तिनं पायडल जोरात मारली आणि अंतर वाढवलं. मला पहिल्यांदाच शंका आली आणि मी ती झटकून टाकली. दमली असेल म्हणालो.

चौथ्या दिवशी बोगदा होता. माझ्या छेदावर मी तो लाल पेन्सिलीनं दाखवला होता. लांबचलांब, सरळ, डोंगराच्या पोटातून. सकाळपासून मी त्याचीच वाट बघत होतो. पोचलो तर तोंडाला लोखंडी फाटक, त्याला कुलूप, आणि एक पाटी. पाटीवर वटवाघळाचं चित्र.

मी मुलीला फोन लावला. ती कामात होती, कुजबुजत म्हणाली, "पापा, हर साल बंद होती है सर्दियों में. चमगादड़ सोते हैं अंदर. मैंने लिंक भेजा था, आपने पढ़ा नहीं?"

मी वाचला नव्हता. मी छेद वाचला होता. ज्या बोगद्यातून गाडीच जात नाही तो बंद कशाला असेल, असं मला वाटलं होतं. कपाळ माझं! हयातभर मी दोन-दोन तासांच्या ब्लॉकसाठी, म्हणजे लाईनवर काम करायला गाड्या थांबवून मिळाव्यात म्हणून, दहा साहेबांच्या मिनतवाऱ्या केल्या. आणि इथे वटवाघळांना पाच महिन्यांचा ब्लॉक, न मागता, कुलूपबंद! मी फाटकासमोर उभं राहून त्या जातीला मराठीत आणि हिंदीत जे सुचेल ते बोललो. बायको शांतपणे पाटीवरचा बाण बघत होती. बाण डोंगरावर जात होता.

तो चढ रेल्वेवाल्यानं काढलेला नव्हता, एवढंच सांगतो. पन्नास मीटरवर माझा दम गेला, शंभरावर मी उतरलो. बायकोनं गिअर बदलला, सीटवरून थोडी उठली आणि चढायला लागली. सलवारीची टोकं मोज्यांत खोचलेली, डोक्याला रुमाल. एका वळणावर दिसेनाशी झाली. मी सायकल ढकलत, थांबत, पाणी पीत, स्वतःला शिव्या देत अर्ध्या तासानं माथ्यावर पोचलो. ती दगडी बांधावर बसली होती, गाल लाल झालेले, घामेजलेली, आणि मी तिला किती वर्षांत असं बघितलं नव्हतं ते मला आठवेना. जरा भीतीच वाटली. भीती वाटली की मी विनोद करतो. म्हणालो, "चला, साताऱ्याचा सराव झाला."

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"कसली सही?"

"करारावर. दोघांच्या नावावर आहे ना? मी करणार नाही."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. "अगं, साताऱ्याला घेतोय! तुझ्या माहेरी! मिरजेला नाही घेतलं. तुझ्यासाठी घेतलं."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? एकतीस वर्षं आपण परत जायचं म्हणतोय."

"आपण नाही. तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. त्या माथ्यावर चढवायची गरजही नव्हती. "आई गेली, अण्णा गेले, भाऊ मुलांकडे गेले. साताऱ्यात माझं कोण आहे? आणि लखनऊत तुम्ही मला काही करू दिलं नाहीत. भिंतीत कपाट नको, आपल्याला इथे राहायचंय थोडंच. दशहरी आंब्याचं कलम नको, पाच वर्षांनी फळणार, तोवर आपण इथे थोडेच असू. दोनदा मला व्हाइस प्रिन्सिपल करायला निघाले होते. दोनदा! तुम्ही म्हणालात, कशाला डोक्याला ताप, दोन वर्षांत जायचंय."

"नको तूच म्हणालीस शाळेत."

"तुम्ही जायचंय म्हणालात म्हणून नको म्हणाले! अहो, सामान मांडीवर घेऊन प्लॅटफॉर्मवर बसवतात तसं बसवून ठेवलंत मला. एकतीस वर्षं. गाडी येतेय, गाडी येतेय. आणि आता म्हणता आली, चढ. माझं वय बघा."

तोंडात उत्तरं होती, चार-पाच होती, पण त्यातलं एकही खरं नव्हतं. मला आठवलं की दुसऱ्यांदा तिनं त्या जागेबद्दल सांगितलं तेव्हा मी पेपर खाली न घेता ऐकलं होतं. ऑफिसात लाईनवरचा रुळाचा एक तुकडा बदलायचा तर मी गँगमनपासून साहेबापर्यंत दहा जणांना विचारायचो, त्याबद्दल माझं नाव होतं. घरी मला वाटायचं, विचारायचं ते परक्या माणसांना.

मी तिच्या शेजारी बांधावर बसलो. खाली दुसऱ्या बाजूला गाव दिसत होतं आणि गावाच्या अलीकडे आमची काळी पट्टी बोगद्यातून पुन्हा बाहेर पडलेली. वाऱ्यानं घाम सुकून थंडी वाजायला लागली. मी माझं जाकीट तिला देऊ केलं, तिनं पिशवीतून तिचं स्वतःचं काढून घातलं.

शेवटी मी म्हणालो, "मग आता विचारतो. आपण कुठे राहायचं?"

मला वाटलं होतं, उत्तर तयार असणार, तोंडावर फेकेल. पण ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी वर्गात न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न विचारला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही हो. कुणी कधी विचारलंच नाही, तर मीही कधी ठरवलं नाही." आणि मग तिचे डोळे भरून आले. इतका वेळ भांडताना आले नव्हते, ते तेव्हा आले. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि ते न करता मी सायकलची साखळी नीट बसलीय का ते बघायला लागलो. असा मी माणूस.

"थांबा जरा," ती म्हणाली. "खाली पोचलो की सांगते."

ती उतारावर सुटली. ब्रेक न लावता, अंग पुढे झुकवून. मी दोन्ही ब्रेक आवळत, वळणावळणाला "हळू! अगं हळू!" ओरडत मागे. ओरडणं तिला नक्की ऐकू जात होतं. ती एकदाही मागे बघायला वळली नाही.

बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी एक बाक होता. ती तिथे बसली होती, घरून आणलेल्या चकल्यांचा डबा मांडीवर. मी धापा टाकत समोर उभा राहिलो. तिनं एक चकली माझ्या हातात दिली.

"लखनऊ," ती म्हणाली.

"नक्की?"

"साताऱ्यात माझं काही राहिलेलं नाही. जे राहून गेलंय ते सगळं लखनऊतलं आहे."

मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं आणि, लपवत नाही, स्वतःसाठी जास्त वाटलं. मला परत जायचं होतं. आषाढातली थंड हवा, संध्याकाळी कुणाशीही मराठीतून गप्पा, दुकानदारानं 'काय काका' म्हणणं, हे सगळं मी डोक्यात इतकी वर्षं सजवून ठेवलं होतं. ते त्या बाकावर, चकली खाता खाता गेलं. पण विचारलं होतं मीच, आणि उत्तर मिळालं होतं. पाचव्या दिवशी आम्ही उरलेली लाईन संपवली. मी मोऱ्या दाखवल्या नाहीत. आम्ही सायकली शेजारी शेजारी चालवल्या, तिकडे तेवढी जागा होती आणि मागून कुणी येत नव्हतं.

बिल्डरला मी लखनऊला परतल्यावर फोन केला. तो तिरसटपणे म्हणाला, "काका, आधीच घरी विचारायचं ना." मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."

आता आम्ही आलमबागमध्ये राहतो, तिच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. मी निवृत्त आहे, तिची दोन वर्षं उरली आहेत. घर लावून झाल्यावर एका सोमवारी ती इस्त्रीची साडी नेसून निघाली. मला वाटलं, शाळेत काही कार्यक्रम असेल. दुपारी परत आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि मगच सांगितलं. प्रिन्सिपलकडे गेली होती. व्हाइस प्रिन्सिपलची जागा पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, मला ती हवी आहे, असं सरळ म्हणाली. प्रिन्सिपल चांगल्या बाई आहेत. चहा मागवला, बसवलं, आणि म्हणाल्या, मैडम, आपने दस साल पहले कहा होता तो. त्या जागेवर आता एक तरुण शिक्षिका येणार आहे. ती पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा वर्ग कसा सांभाळायचा ते माझ्या बायकोनंच तिला शिकवलं होतं.

मी म्हणालो, "माझी चूक आहे ही. सगळी माझी." ती रागावेल, बोलेल, त्या डोंगरावर बोलली तसं पुन्हा सगळं बोलेल, म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "असू दे. निदान मी स्वतः जागा मागून तरी आले."